नलूच्या पतंगाचा रंग

सुभानपुऱ्याच्या रस्त्यावर पुन्हा गुलाबी दोरा दिसायला लागला आहे. थंडीने जरा जोर धरला की फुटपाथवर खांबापासून खांबापर्यंत दोऱ्याचे पदरच्या पदर ताणले जातात. हाताला चिंध्या बांधलेली माणसं मुठीत मांज्याचा गुलाबी लगदा घेऊन त्या दोऱ्यावरून येरझाऱ्या घालतात, आणि पलीकडे मोठ्या चरख्यावर वाळलेला दोरा गुंडाळला जातो. लगद्याला भाताच्या पेजेचा आणि ओल्या रंगाचा वास असतो. सांडलेला रंग सायकलींच्या चाकांना लागतो, चपलांना लागतो, रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पायांनासुद्धा लागतो. सकाळी दूध आणायला निघालो की त्यातला एखादा हाक मारतो, ‘काका, दोरी रंगाववी छे?’ मी हसून मान हलवतो आणि पुढे होतो. बडोद्यात राहायचं आणि उत्तरायणात पतंग उडवायचा नाही, म्हणजे त्याला मी जरा विचित्रच वाटत असणार.

या दिवसांत लोकांना तिळाचा वास आठवतो, ऊंधियुंच्या भाजीचा आठवतो. मला मात्र तापलेल्या धुळीचा आणि वितळलेल्या कथलाचा वास आठवतो. नलू गेल्यानंतरच्या एका उत्तरायणात अख्खं शहर गच्चीवर चढून आभाळाकडे बघत होतं आणि मी पडदे ओढून, दिवाणखान्यात भर दुपारी अंधार करून, एका म्हाताऱ्या टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. तो हिवाळा मला दर हिवाळ्यात आठवतो.

टीव्ही म्हणजे हल्लीचा भिंतीवर टांगायचा नव्हे. मागून चित्र फेकणारा तो जुना अवजड प्रकार, कपाटाएवढा. फतेगंजला लष्करातले एक साहेब बदली होऊन निघाले होते आणि त्यांच्या सामानाच्या ट्रकमध्ये हे धूड काही मावेना. आमच्या कारखान्यातल्या कुणीतरी मला सांगितलं आणि मी हुरळून गेलो. टेम्पोतून तो आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे बैठ्या घराच्या, दाराशी आला तेव्हा कळलं, दार लहान आहे. शेवटी दाराची झडप बिजागरीतून काढली, चौघांनी टीव्ही आडवातिडवा करून आत घेतला, आणि नलू पदर खोचून मधे उभी राहून ‘भिंत सांभाळा, आत्ताच रंग दिलाय,’ म्हणून ओरडत राहिली. सगळं झाल्यावर तिने त्याच्या काळ्या काचेवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘हा आता ह्या घरातून बाहेर नाही जायचा हां. परत दार कोण काढणार?’

त्या टीव्हीची एक तऱ्हा होती. त्याच्यासमोर नीट मधोमध बसावं लागायचं. उभं राहिलं की चित्र काळवंडायचं, बाजूला सरकलं की मंदावायचं. मॅच असली की सोफ्याच्या मधल्या जागेसाठी पाहुण्यांत चक्क ढकलाढकली व्हायची. माझी खुर्ची मात्र ठरलेली, बरोब्बर समोर. नोकरीभर मी कारखान्यात दाबाचे आणि तापमानाचे काटे दुरुस्त केले. काट्यासमोर सरळ उभं राहून रीडिंग घ्यायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. नलू बसायची स्वयंपाकघराच्या दाराशी, एका लाकडी स्टुलावर. तिथून तिला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या, दूध उतू जायच्या आत उठता यायचं आणि मांडीवरच्या ताटात भाजी निवडत टीव्हीही बघता यायचा. ‘इकडे समोर ये ना,’ असं मी म्हणायचो. ‘मला इथूनच सरखं दिसतं,’ ती म्हणायची. सरखं म्हणजे नीट. आमच्या मराठीत असे गुजराती शब्द कधी येऊन बसले ते आम्हालाही माहीत नाही.

आणि एक टेप होती. नलूच्या भावाने नवा कॅमेरा घेतला होता, त्या उत्तरायणाची. तोवर नलूने जन्मभर दुसऱ्याच्या दोऱ्याची फिरकी धरली होती. आधी वडिलांची, मग भावाची, मग माझी. त्या दिवशी सकाळी बायकांना तीळगूळ देऊन, हळदीकुंकू उरकून ती गच्चीवर आली आणि म्हणाली, ‘आज फिरकी तुम्ही धरा.’ बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या, माझा काळा गॉगल लावला, तो तिला मोठा व्हायचा. आणि पहिल्याच पेचात तिने समोरच्या गच्चीवरच्या हसमुखभाईंचा पतंग कापला. हसमुखभाई म्हणजे आमचे शेजारी, गल्लीतले नावाजलेले पतंगबाज. ‘काप्यो छे! काप्यो छे!’ सगळी गल्ली ओरडली. टेपमध्ये नलू कॅमेऱ्याकडे वळून काहीतरी बोलते, पण भोंग्यांच्या आणि थाळ्यांच्या आवाजात ते ऐकू येत नाही. मागे मी, फिरकी घेऊन, गुंतलेल्या दोऱ्यात उभा. मग तिचा पतंग वर वर जात राहतो, पार ठिपका होतो, आणि संध्याकाळी कधीतरी दोरा तुटून निघून जातो.

तो पतंग कोणत्या रंगाचा होता, यावर आमचं भांडण होतं. भांडण म्हणजे लाडकं भांडण, दर संक्रांतीला तीळगूळ काढावा तसं बाहेर काढायचं. दर वर्षी टेप लागायची, आणि पतंग उडाला की मी खुर्चीतून म्हणायचो, ‘बघ, निळा.’

‘जांभळा,’ स्टुलावरून उत्तर यायचं.

‘अगं, समोर दिसतोय. निळा धडधडीत.’

‘मलाही समोरच दिसतोय ने! जांभळा आहे. कन्नी मी बांधली होती, तुम्ही नाही.’

‘तुला चष्म्याचा नंबर काढायला हवा.’

‘तुम्हाला कबूल करायला हवं,’ असं म्हणत ती कुकर बघायला उठायची. आमची मुलगी वर्षा लहान असताना दोघांच्या मधे मान फिरवत बसायची. मग मोठी झाली आणि ‘झालं यांचं सुरू,’ म्हणून आतल्या खोलीत जायला लागली. पतंग तर केव्हाच गेलेला. साक्षीला कुणी नाही. त्यामुळे भांडण मिटायचं काही कारणच नव्हतं, आणि ते मिटावं असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

नलू गेल्यावर मी टीव्ही लावायचाच सोडून दिला. बातम्या फोनवर कळायच्या, आणि बाकी बघायचं ते कुणासोबत? बऱ्याच महिन्यांनी, अशाच थंडीत, रस्त्यावर गुलाबी दोरा दिसला म्हणून घरी येऊन टीव्ही लावला आणि टेप व्हीसीआरमध्ये सरकवली. आधी काही कळेचना. गच्ची दिसत होती, पण प्रत्येक माणसाच्या खाली त्याचंच एक लाल भूत लोंबत होतं. जे पांढरं होतं ते पिवळं, जणू सगळ्या गल्लीला कावीळ झालेली. नलूचा चेहरा तर नव्हताच. एक हिरवट चेहरा, त्याच्या हनुवटीखाली दुसरं लाल तोंड, आणि वर धुक्यासारखं काहीतरी निळं. पतंग म्हणजे एक घाणेरडा डाग. मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ काळ्या काचेसमोर बसून राहिलो. त्या काचेत मी एकटाच दिसत होतो.

दुरुस्तीवाल्यांना फोन केले. एकाने हसून सांगितलं, ‘काका, आ तो हवे भंगारमां पण कोई नहीं ले.’ दुसरा आला, मागून टॉर्च मारली, सुटे भाग मिळत नाहीत म्हणाला आणि चहा पिऊन गेला. वर्षाला बंगळुराला फोन केला, तर तिला वाटलं बाबांना टीव्ही हवा आहे. तिने नवा मागवूनच टाकला. ‘उत्तरायण झालं की माणसं येतील. नवा भिंतीवर लावतील आणि जुना घेऊन जातील. तुम्ही काही उचलाउचल करायची नाही.’

‘आणि टेप?’

‘बाबा, ती तर मी केव्हाच तुमच्या फोनवर टाकलीय.’

टाकली होती खरी. फोनवर नलू नखाएवढी दिसते आणि तिचा पतंग मुगाच्या दाण्याएवढा. त्याला रंगच नाही, पांढुरका आहे. हे वर्षाला कसं सांगायचं? पोर काळजीने करत होती. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणजे माझ्या हातात उत्तरायणापर्यंतचे दिवस होते. तोवर रंग जागेवर आले तर नलू एकदा नीट, मोठी, समोर दिसणार होती. नाही आले तर ते लाल तोंडाचं भूत माझ्या डोळ्यांत कायमचं राहणार होतं. मला त्याची खरोखर भीती वाटत होती.

मग मी हत्यारांची पेटी काढली. प्लग काढून टीव्ही दिवसभर तसाच सोडला, कारण त्याच्या पोटात बंद केल्यावरही वीज दबा धरून बसते. दुसऱ्या दिवशी खालची जाळी उघडली. आत वर्षानुवर्षांची धूळ, एक वाळकी पाल, वर्षाची हरवलेली हेअरपिन आणि तीन नळ्या ओळीने मांडलेल्या. एका टोकाला लाल, मधे हिरवी, दुसऱ्या टोकाला निळी. एकेक नळी आपापलं चित्र मागच्या आरशावर फेकते, आरसा ते पडद्यावर टाकतो, आणि तिन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसली तरच माणूस माणसासारखा दिसतो. पांढरा असा वेगळा रंग त्या पेटीत नसतोच. तिघांची एकी झाली की तो होतो. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर बसत होतो, पण हे असं डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

कावीळ निळ्या नळीमुळे होती. या नळ्या तापू नयेत म्हणून त्यांच्या तोंडाशी एक पाणी भरलेलं असतं. पाणी म्हणायचं, पण ते गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या जातीचं. निळ्या नळीतलं ते पाणी गढूळ होऊन त्यात शेवाळ धरलं होतं. नलूचा निळा रंग एवढे दिवस त्या शेवाळातून वाट काढत होता. मी भिंग सोडवलं, पाणी एका वाडग्यात उतरवलं, माझ्या जुन्या बनियनच्या मऊ तुकड्याने काच पुसली आणि नवं पाणी भरलं. बुडबुडा राहू नये म्हणून इतकं हळूहळू, की पाठ मोडून गेली. लाल भूत हा वेगळा आजार होता. रंगांना जागेवर धरून ठेवणारी आय.सी. जळली होती. रावपुऱ्यात एका जुन्या दुकानात तशीच एक सापडली, मालकाला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. सोल्डरिंग करताना एकेक जोड तीनतीनदा तपासला. कारखान्यात कधी एवढं तपासलं नव्हतं. तिथे चूक झाली तर दुसरा भाग मिळायचा.

पोहे करायचे, खायचे, परत आत डोकं घालायचं. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी टीव्हीशीच बोलायला लागलो. ‘थांब जरा, आता हे उचलतो,’ असं. एकदा ‘टॉर्च धर ग,’ असं तोंडातून गेलं आणि हात मागे तसाच राहिला. मग टॉर्च दातांत धरली.

उत्तरायणाच्या दिवशी टीव्ही चालू झाला. पण रंग जुळवायचे बाकी होते. पडद्यावर पांढऱ्या रेषांची एक जाळी आणायची, आणि विखुरलेल्या तिन्ही रंगांना रिमोटने केसा-केसाने सरकवत एकावर एक बसवायचं. त्यासाठी अंधार लागतो, म्हणून पडदे ओढले. बाहेर भोंगे, थाळ्या, पिपाण्या, पायांची धावपळ, ‘लपेट, लपेट!’ आणि आत मी आणि जाळी. याची एक रीत आहे. लाल आणि निळ्या नळीवर टोपण घालायचं, आधी एकटी हिरवी सरळ करून घ्यायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही. मग लाल हिरवीवर आणून बसवायची, शेवटी निळी. आमच्या घरातली हिरवी म्हणजे नलू. मी आणि वर्षा कुठे कुठे सरकायचो, पण शेवटी तिच्यावर येऊन बसायचो. आता आम्ही दोघं दोन टोकांना आहोत आणि फोनवर जेवलात का विचारतो. त्या अंधारात हे लक्षात आलं आणि मला रडू आलं. बाहेर इतका गोंगाट होता की मोठ्याने रडलो असतो तरी कुणाला कळलं नसतं.

दुपारी हसमुखभाई ऊंधियुंचा डबा घेऊन दार वाजवत आले. सगळे वर गच्चीवर आणि मी अंधारात, हे बघून दचकले. ‘मोहितेभाई, आ शुं मांड्युं छे? बधा उपर छे ने तमे गुफामां?’ मग पडद्याकडे बघत, हे कधी संपणार म्हणून विचारायला लागले. ‘आ जाळीवाळुं पिक्चर क्यारे पूरुं थशे?’

मी त्यांना टेपबद्दल सांगितलं. मग मी विचारलं, त्या दिवशी नलूचा पतंग कुठल्या रंगाचा होता? तुमचाच कापला होता, तुम्हाला तरी आठवत असेल.

‘भाभीनो तो याद नथी,’ ते म्हणाले. ‘मारो याद छे. लाल हतो. नवो हतो. कपाई गयो ने!’ इतक्या वर्षांनीही त्यांच्या आवाजात आपला लाल पतंग गेल्याचं दुःख होतं. आम्ही दोघंही हसलो. जाताना ते म्हणाले, ‘उपर आवो ने, थोडी वार.’ येतो म्हटलं. गेलो नाही.

निळी रेघ दुसऱ्या दिवशी जागेवर आली. वासी, म्हणजे शिळं, उत्तरायण होतं, गच्च्यांवरचा उत्साह जरा शिळा झालेला. सगळी जाळी लख्ख पांढरी झाली, कुठेही रंगाची किनार नाही. मी खुर्चीत बसलो, बरोब्बर समोर, आणि टेप लावली. गच्ची आली. ऊन आलं, खरं हिवाळ्याचं ऊन. आणि नलू आली. एकच चेहरा, एकच हनुवटी, नाकावरून घसरणारा गॉगल. तिच्या कानातल्या खड्याचा चमकारासुद्धा दिसत होता. ती कॅमेऱ्याकडे वळून बोलली, नेहमीसारखंच ऐकू आलं नाही. मग पतंग वर चढला. निळा. धडधडीत निळा.

‘बघ,’ मी म्हणालो, ‘निळा.’

टेप चालू राहिली. स्वयंपाकघराकडून काही आलं नाही. इतकी वर्षं जे भांडण जिंकायची हौस होती ते मी जिंकलो होतो, आणि मला घर इतकं मोठं आणि इतकं रिकामं कधीच वाटलं नव्हतं. मी टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. पुन्हा निळा. मनात आलं, पुरे झालं, उद्या-परवा माणसं आली की घेऊन जाऊ देत.

तेवढ्यात खिचडीच्या कुकरची शिट्टी झाली. उठून आत गेलो, गॅस बारीक केला. अजून एका शिट्टीसाठी परत खुर्चीपर्यंत जायचं आणि परत यायचं, हे गुडघ्यांना नको होतं. म्हणून दाराशी जे स्टूल होतं त्यावर टेकलो. त्याच्यावर ती गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं. वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो खाली ठेवला. टीव्ही तिथून तिरका दिसत होता, जरा मंद, जरा गडद. नलू फिरकी माझ्या हातात देत होती. चिकटपट्टीची बोटं दिसली. दोरा ताणला. पतंग गच्चीच्या कठड्यावरून वर उचलला गेला, आणि तो जांभळा होता.

मी उठून खुर्चीपाशी गेलो, निळा. परत स्टुलावर आलो, जांभळा. पिकलेल्या जांभळासारखा. यात नवल काही नव्हतं. लाल आणि निळी नळी दोन टोकांना असतात, तेव्हा कडेने बघणाऱ्याला एका बाजूने लालसर झाक मिळते आणि दुसऱ्या बाजूने निळसर. हे मला माहीत होतं, आदल्याच दिवशी मी त्या नळ्यांवर टोपणं घातली होती. पण सगळं जुळवलं ते माझ्या खुर्चीतून. स्टुलावरून बघावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. गच्चीवर तो पतंग खरा कुठल्या रंगाचा होता ते आता देवालाच ठाऊक. पण दर संक्रांतीला, या दाराशी बसून, नलू खरं तेच सांगत होती. तिला जांभळाच दिसत होता.

‘जांभळा आहे, नलू,’ मी मोठ्याने म्हणालो. कुकरची शिट्टी झाली.

नवा टीव्ही आला, भिंतीवर लागला. जुना न्यायला आलेल्या माणसांना मी म्हटलं, दार काढावं लागेल. त्यांनी दाराकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं आणि सही घेऊन निघून गेले. वर्षा फोनवर खूप रागावली, मग हसली. नवा टीव्ही चांगला आहे. तो कुठूनही बघा, सारखाच दिसतो. त्याच्यासमोर असं भांडण होऊच शकत नाही.

आता पुन्हा रस्ता गुलाबी झाला आहे. उत्तरायणाला हसमुखभाई डबा घेऊन येतील, वर चला म्हणतील, आणि यंदा मी थोडा वेळ जाईनही. मग खाली येऊन पडदे ओढीन, कुकर लावीन आणि टेप आत सरकवीन. मी स्टुलावरच बसतो आता. पतंग वर चढेल, आणि मी म्हणेन, जांभळा. समोर, बरोब्बर मधोमध, माझी खुर्ची रिकामी असेल. तिथून ‘निळा’ म्हणायला कुणी नसेल.